भाग ३४ : टॉर्चचा सेल, दुकानातला सेल – इंग्रजी स्वर मराठी तोंडात कुठे अडकतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा जे आज हेडफोन घरीच विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोलताना जसं बोललो तसंच जवळपास ठेवलंय. जिथे आवाज ऐकवले होते, तिथे कंसात तसं लिहिलंय.

सुरुवात एका शब्दापासून करू. सेल. टॉर्चमध्ये घालतो तो सेल. दिवाळीआधी दुकानात लागतो तो सेल. आणि ‘विकणे’ या अर्थाचं इंग्रजी क्रियापद, तेही सेल. मराठीत लिहिताना तिन्ही सारखे, आणि आपल्यापैकी बरेच जण बोलतातही सारखेच. इंग्रजीत मात्र टॉर्चचा सेल आणि विकण्याचा सेल एका आवाजाचे, आणि दुकानातला सेल वेगळ्या आवाजाचा. तसंच पेन आणि पेनकिलर. खिशातला पेन आणि दुखण्याचा पेन आपण एकाच सुरात म्हणतो. पेनकिलर म्हणजे पेन मारणारी गोळी, असा विनोद मराठीत करता येतो. इंग्रजीत तो जमत नाही, कारण तिथे हे दोन शब्द एकसारखे ऐकूच येत नाहीत.

आता म्हणाल, एवढं काय त्यात? संदर्भावरून समजतं की! बऱ्याचदा समजतं, कबूल. पण फोनवर मुलाखत चालू असते, रेंज धड नसते, समोरचा माणूस चेन्नईचा नाहीतर टेक्सासचा असतो, आणि तो तिसऱ्यांदा ‘सॉरी?’ म्हणतो. तिथे आपला आवाज बारीक होतो. पुढचं वाक्य येत असूनही आपण ते बोलत नाही. तुमच्या मेसेजमध्ये हीच तक्रार सगळ्यात जास्त येते : ‘इंग्रजी कळतं, लिहिता येतं, पण तोंड उघडलं की लाज वाटते.’

म्हणून आज दोन गोष्टी सांगायच्यात. एक, हे का होतं. त्यात तुमची जीभ जड असण्याचा काही संबंध नाही. आणि दोन, सगळं सुधारायची गरज नाही. मोजक्या चार-पाच जागा आहेत. त्या सांभाळल्या की काम होतं.

अक्षरं पाच, आवाज वीस

शाळेत आपण शिकलो की इंग्रजीत स्वर पाच : ए, ई, आय, ओ, यू. ही पाच अक्षरं झाली. आवाज किती? ब्रिटिश इंग्रजीचा जो उच्चार पुस्तकांत प्रमाण म्हणून शिकवतात, त्यात पारंपरिक मोजणीने वीस स्वर आहेत. बारा साधे आणि आठ जोडस्वर, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारे. अमेरिकन इंग्रजीत थोडे कमी. पण पाच कुठेच नाहीत.

पाच अक्षरांत वीस आवाज बसवायचे म्हटल्यावर गोंधळ होणारच. त्यात इतिहासाने भर घातली. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर हळूहळू आपली जागा सोडून सरकत गेले. आज आपण ज्याला ‘नेम’ म्हणतो, तो शब्द त्याआधी ‘नाम’च्या जवळपास उच्चारला जायचा. ‘हाउस’ होता ‘हूस’सारखा. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने या प्रकाराला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ म्हणजे स्वरांचं मोठं स्थलांतर असं नाव दिलं. आणि हे सगळं चालू असतानाच, १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, आणि आवाज मात्र पुढे सरकत राहिले. म्हणून ब्रेड, बीड आणि ग्रेट या तिन्ही शब्दांत मधे तीच ‘ई-ए’ ही दोन अक्षरं असतात, आणि आवाज तिन्हीकडे वेगळा.

आपण देवनागरीवाले. जसं लिहिलं तसं वाचायचं, ही आपली सवय. मराठीतसुद्धा ते शंभर टक्के खरं नाही बरं का. ‘आपला’ लिहितो आणि ‘आप्ला’ म्हणतो. ‘जग’ हा शब्द दुनियेसाठी एका ‘ज’ने आणि पाण्याच्या जगसाठी दुसऱ्या ‘ज’ने म्हणतो, लिहितो मात्र सारखाच. पण ही आपली भाषा असल्याने तिथे काही खटकत नाही. इंग्रजी मात्र आपल्याकडे बहुतेकांना आधी डोळ्यांनी भेटते, पुस्तकातून. २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. पण आली ती फळ्यावर आणि वहीत. कानात फार कमी.

कानातली चाळण

रशियन भाषाशास्त्रज्ञ निकोलाय त्रुबेत्झकॉय याचं एक पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९३९ मध्ये आलं. त्यात त्याने मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली आहे. परकी भाषा ऐकताना आपण ती आपल्या चाळणीतून गाळून ऐकतो. आपल्या भाषेत ज्या फरकाला किंमत नाही, तो फरक चाळणीतच अडकतो. कानावर पडतो, पण लक्षात येत नाही.

ही चाळण कधी तयार होते? आपल्याला वाटतं त्याच्या खूप आधी. अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अमेरिकन आणि स्वीडिश बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. बाळं सहा महिन्यांची. बोलायचं तर सोडाच, अजून दात यायचे होते. तरी ती आपापल्या भाषेतल्या स्वरांना आणि परक्या स्वरांना वेगवेगळा प्रतिसाद देत होती. म्हणजे पहिला शब्द यायच्या आधीच कान घरच्या भाषेला लागलेला असतो.

तेव्हा ‘माझा उच्चार चुकतो’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘मला तो फरक ऐकूच येत नाही’ असा असतो. आणि जो फरक ऐकू येत नाही, तो तोंडातून कसा येणार? म्हणून औषध आधी कानाचं, मग जिभेचं. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

आता एकेक जागा घेऊ.

पहिली जागा : जहाज आणि मेंढी

(इथे ‘शिप’ आणि ‘शीप’ हे दोन्ही शब्द ऐकवले आहेत.)

शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी. लिव्ह म्हणजे राहणे, लीव्ह म्हणजे सोडून जाणे. ‘मी पुण्यात राहतो’ म्हणायला गेलो आणि ‘मी पुणे सोडतोय’ असं ऐकू गेलं, तर एचआरवाल्या मॅडमच्या कपाळावर आठी पडणारच.

पण थांबा. मराठीत तर ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई आहे. मग आपल्याला हे सोपं जायला हवं ना? गंमत इथेच आहे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आहे ते मुख्यतः लिखाणात. बोलताना लांबी ठरते ती शब्दातल्या जागेवरून. शाळेतला नियम आठवा : फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, गरीब पण गरिबाला. शब्द तोच, अर्थ तोच, फक्त शेपूट जोडलं की स्वर आखूड होतो. उलट ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, हे दोन शब्द मोठ्याने म्हणून बघा. लिहिण्यात फरक आहे, कानाला जवळपास नाही. म्हणजे मराठी कानाला इ-ईच्या लांबीत अर्थ शोधायची सवयच नाही.

आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरात आपण इ लांबवतो. रस्त्यावरच्या पाट्या बघा : ‘सर्व्हीस सेंटर’, ‘फिटींग’, ‘ऑफीस’. लोक याला अशुद्धलेखन म्हणून हसतात. पण तो पेंटर जे तोंडात आहे तेच प्रामाणिकपणे रंगवतोय. त्याच न्यायाने आपलं जहाज मेंढीकडे झुकतं आणि ट्रिपची ‘ट्रीप’ होते.

मग उपाय काय, लांबी सांभाळायची? अर्धा उपाय तो. पण इंग्रजीतला खरा फरक फक्त लांबीचा नाही, जातीचा आहे. मेंढीच्या शीपमध्ये जीभ वर आणि पुढे ताणलेली, ओठ हसल्यासारखे पसरलेले. जहाजाच्या शिपमध्ये जीभ जरा खाली, जरा मागे आणि सैल. ओठही सैल. तो आवाज आपल्या ‘इ’ आणि ‘ए’च्या मधे कुठेतरी पडतो.

लांबीवर विसंबलं तर आणखी एक घोळ होतो. सीट आणि सीड हे शब्द घ्या. दोन्हीत तोच ‘ई’. पण पुढे ट, प, क असा अघोष आवाज आला की इंग्रजी बोलणारे आधीचा स्वर तोडून आखूड करतात. त्यामुळे सीटमधला ‘ई’ हा सीडमधल्यापेक्षा स्पष्टपणे आखूड असतो. कधीकधी तो ‘बिड’मधल्या इ इतकाच भरतो. तरी ऐकणाऱ्याला तो ई म्हणूनच कळतो, कारण जीभ ताणलेली असते.

करून बघा. ‘ई’ म्हणत राहा. आवाज न थांबवता जबडा किंचित सोडा, हसू पुसून टाका, ‘ए’च्या दिशेने एक पाऊल जा आणि तिथेच थांबा. ही जागा जहाजाची. आता झटकन म्हणा : शिप, लिव्ह, फिट, सिट.

हेच ‘उ’चं. फुल म्हणजे भरलेलं, आणि फूल म्हणजे मूर्ख. पेट्रोल पंपावर ‘टाकी फुल कर’ म्हणताना फरक पडत नाही, पण इंग्रजी वाक्यात पडू शकतो. मूर्खाच्या फूलमध्ये ओठांचा चंबू घट्ट, भरलेल्या फुलमध्ये सैल.

जाता जाता एक सूचना. वुमन आणि विमिन, म्हणजे बाई आणि बायका. स्पेलिंग बदलतं शब्दाच्या शेवटी, आणि आवाजातला मोठा फरक पडतो शब्दाच्या सुरुवातीला. डोळ्यांवर विश्वास ठेवून वाचलं की इथे हमखास घसरायला होतं.

दुसरी जागा : खिशातला पेन, दुखणारा पेन

इथे इंग्रजीच्या तीन खोल्या आहेत आणि मराठीच्या दोन. एक आपला ‘ए’, दुसरा ‘ॲ’. इंग्रजीतला पॅन, म्हणजे तवा, आपल्या ‘ॲ’मध्ये छान बसतो. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हं आपण इंग्रजी शब्दांसाठीच घेतली, आणि त्यांचा मराठी माणसाला मोठा फायदा आहे. हिंदीत ‘बैंक’ लिहितात, आपण ‘बँक’ लिहितो. लिपीनेच आपलं एक काम करून ठेवलंय.

अडचण उरते ती लिहायच्या पेनची आणि दुखण्याच्या पेनची. दोघांना आपण एकाच ‘ए’मध्ये कोंबतो. टेस्ट मॅच आणि जेवणाची टेस्ट. लाल रंगाचा रेड आणि इन्कम टॅक्सची रेड. कॉलेजचं गेट आणि ‘गेट-टुगेदर’मधलं गेट. सगळे एका माळेत.

(इथे ‘रेड’ची दोन्ही रूपं, लाल आणि धाड, ऐकवली आहेत.)

लाल रंगाचा रेड हा आखूड, आणि आपल्या ‘ए’पेक्षा तोंड थोडं जास्त उघडून म्हटलेला. ‘ए’ आणि ‘ॲ’च्या मधला. धाडीचा रेड मात्र जोडस्वर आहे : ‘ए’वर सुरू होतो आणि ‘इ’कडे घसरतो, रेइड. ही घसरण मराठीत आहे बरं का. ‘येईल’ हा शब्द पटकन म्हणा. मधला ‘एई’ ऐकलात? त्याच चालीवर दुकानातला सेल म्हणा : येईल, सेइल. घेईन, पेइन.

आणि इथे एक शॉर्टकट देतो. घसरण जमत नसेल तर सोडून द्या. भारतात बहुतेक लोक हा स्वर सरळ लांब ‘ए’ असाच म्हणतात, आणि ते समजतं. दोघांपैकी एकच बदला : लिहायचा पेन आखूड आणि मोकळा करा, दुखण्याचा लांबच राहू द्या. तेवढ्याने दोन शब्द वेगळे झाले.

तिसरी जागा : हो की नाही?

‘ऑ’ आणि ‘ओ’. लिपीत दोन्ही आहेत, त्यामुळे कोट आणि कॉट यांत आपली गल्लत सहसा होत नाही. एक अंगात घालायचा, दुसरीवर झोपायचं. कोस्टल रोडची कॉस्ट किती, हेही आपण नीट विचारतो. पण जो शब्द ओळखीचा नाही, किंवा चुकीच्या खोलीत आधीच जाऊन बसलाय, तिथे अडतं.

सगळ्यात मोठं उदाहरण क्रिकेटचं. आपण म्हणतो बॉलर, बॉलिंग. बॉल टाकतो तो बॉलर, हिशेब सरळ आहे. पण इंग्रजीत बॉल हा शब्द वेगळा आणि ‘बोल’ हे क्रियापद वेगळं. टाकणारा असतो तो ‘बोलर’, ‘ओ’वरून ‘उ’कडे थोडा घसरणारा. ‘होऊ दे’मधलं ‘होऊ’ पटकन म्हटलं की जे होतं, तसंच काहीसं.

बॉलरमुळे कुणाचं नुकसान होत नाही. पण हे बघा : ‘वॉन्ट’ म्हणजे हवंय, आणि ‘वोन्ट’ म्हणजे करणार नाही. ‘आय वोन्ट’ असा नकार द्यायचा होता आणि घाईत तोंडातून ‘वॉन्ट’ निघालं, तर अर्थ उलटाच झाला. नकाराचा ‘ओ’ गोल ठेवा, ओठ पुढे काढून.

आता थोडा दिलासा. गावाकडची आजी ‘डाक्टर’, ‘कालेज’ म्हणते म्हणून नातवंडं हसतात. अमेरिकेत बहुतेक लोक डॉक्टरमधला हा स्वर ओठ गोल न करता, ‘आ’च्या जवळ म्हणतात. म्हणजे या एका शब्दात आजी लंडनपेक्षा न्यू यॉर्कच्या जवळ आहे. उच्चारावरून कुणाला हसायच्या आधी हे आठवा.

चौथी जागा : उलटापालट झालेले शब्द

वर्ड, बर्ड, नर्स, हर, हर्ड, जर्नी. या सहा शब्दांच्या स्पेलिंगमध्ये सहा वेगवेगळे स्वर लिहिलेले असतात. आवाज मात्र सगळ्यांत एकच. आपल्या ‘अ’ला लांब करून म्हटलं की जवळपास तो येतो. ब्रिटिश प्रमाण उच्चारात पुढचा ‘र’ ऐकू येत नाही, अमेरिकन उच्चारात येतो. तुम्ही ‘र’ म्हटलात तरी चालेल. फक्त ‘अ’ फार तोकडा करू नका.

घसरण होते ती ‘डब्ल्यू’नंतर. वर्क म्हणजे काम, वॉक म्हणजे चालणं. वर्ड म्हणजे शब्द, वॉर्ड हॉस्पिटलमधला. वर्म म्हणजे अळी, वॉर्म म्हणजे कोमट. आता यांची स्पेलिंगं डोळ्यांसमोर आणा. ज्यात ‘ओ’ लिहिलाय तिथे ‘अर’ म्हणायचं, आणि ज्यात ‘ए’ लिहिलाय तिथे ‘ऑर’. अगदी उलटं! काही अपवाद आहेत, पण बहुतेक शब्दांना हे लागू पडतं. वर्क, वर्ड, वर्ल्ड, वर्स, वर्थ एका बाजूला. वॉर, वॉर्म, वॉर्ड, वॉर्न, अवॉर्ड दुसऱ्या बाजूला. हा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पाचवी जागा : न दिसणारा स्वर

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर कोणता? त्याला स्वतःचं अक्षरच नाही. त्याचं नाव श्वा. डिक्शनरीत उच्चार दाखवताना ‘ई’ हे छोटं अक्षर उलटं केल्यासारखी खूण असते, ती याची. आवाज? आपला साधा, निवांत ‘अ’. अबाउटचा पहिला, सोफाचा शेवटचा, टीचरचा शेवटचा.

इंग्रजी शब्दात एका अवयवावर जोर असतो, आणि जोर नसलेले बाकीचे स्वर बऱ्याचदा याच ‘अ’मध्ये विरघळतात, काही तर गायबच होतात. आपण लिहितो ‘कंफर्टेबल’, ते म्हणतात ‘कम्फ्टबल’. आपण ‘व्हेजिटेबल’, ते ‘व्हेज्टबल’. आपण ‘डेव्हलपमेंट’ म्हणताना सगळ्या अक्षरांना समान न्याय देतो. ते ‘व्हे’वर जोर देतात आणि बाकीचं गिळतात : ‘डिव्हेलप्मन्ट’. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अवयवावर. फोटोग्राफीमध्ये तो सरकतो दुसऱ्यावर, आणि शब्द होतो ‘फटॉग्रफी’.

छोट्या शब्दांचं तर विचारूच नका. ‘कप ऑफ टी’चं होतं ‘कपअटी’. म्हणूनच इंग्रजी सिनेमा सबटायटल बंद करून बघितला की वाटतं, हे लोक किती फास्ट बोलतात! फास्ट असतीलही, पण मुख्य म्हणजे आपण ज्या स्वरांची वाट बघतोय, ते त्यांनी उच्चारलेलेच नसतात. आपणही हेच करतो. पुस्तकात ‘काय करतो आहेस’ वाचून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला ‘काय कर्तोयस’ ऐकवा. तोही म्हणेल, किती फास्ट.

तेव्हा हा स्वर बोलण्यापेक्षा ऐकण्यासाठी जास्त शिका. बोलण्यात फक्त एका जागी जपा : ‘कॅन’. साध्या होकारार्थी वाक्यात ‘आय कन कम’, यात ‘कन’ अगदी हलकं आणि जोर ‘कम’वर. आपण ‘कॅन’ ठासून म्हणतो. अमेरिकन माणूस नकाराच्या ‘कॅन्ट’मधला शेवटचा ट बऱ्याचदा नीट सोडत नाही, स्वर मात्र ठासतो. त्यामुळे तुमचं ठासलेलं ‘मी येऊ शकतो’ त्याला ‘मी येऊ शकत नाही’ असं ऐकू जाऊ शकतं. मीटिंगची वेळ ठरवताना हे महागात पडेल.

काय सुधारायचं, काय सोडायचं

आता लाजेबद्दल. ॲक्सेंट असणं आणि न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये हे दाखवून दिलं. परकी लकब ज्यांच्या बोलण्यात अगदी ठळक आहे असं ऐकणाऱ्यांनी सांगितलं, त्यांचीही अनेक वाक्यं त्याच ऐकणाऱ्यांनी शब्दशः बरोबर लिहून दाखवली. म्हणजे लकब जाणवते, तरी अर्थ पोचतो.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० मध्ये एक पुस्तक लिहिलं. प्रश्न असा : ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही असे दोघं जण इंग्रजीत बोलतात, तेव्हा नेमकं काय चुकलं तर अर्थ तुटतो? आपल्या बहुतेक कामाच्या कॉल्सचं वर्णन हेच आहे, नाही का? त्यांच्या यादीत स्वरांची लांबी-आखूडपणा आहे, आणि बर्ड-वर्डमधला तो स्वर आहे. बाकी स्वरांचा हुबेहूब ब्रिटिश रंग त्या यादीत नाही. तो नसला तरी चालतं.

म्हणून माझी यादी अशी. जपायचं : शिप-शीप, पेन-पेन, वॉन्ट-वोन्ट, वर्क-वॉक, आणि हलकं ‘कन’. सोडून द्यायचं : जोडस्वरांची नाजूक घसरण, गिळलेला ‘र’, आणि कुणासारखं तरी ‘वाटावं’ ही हौस. नागपूरचं इंग्रजी नागपूरचं वाटू दे, कोल्हापूरचं कोल्हापूरचं. फक्त जहाजाच्या जागी मेंढी जाऊ नये.

फोनवरचा दहा मिनिटांचा सराव

मघाशी म्हटलं, आधी कान. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९१ मध्ये जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ ओळखायला शिकवलं. युक्ती एकच : एकाच माणसाचा आवाज ऐकवायचा नाही, वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या शब्दांतले आवाज ऐकवायचे. पुढे १९९७ च्या अभ्यासात दिसलं की अशा नुसत्या ऐकण्याच्या सरावाने त्यांचं बोलणंही सुधारलं. ते व्यंजनांचं होतं, पण पद्धत स्वरांनाही वापरतात. तर :

१. जोडीदार पकडा. व्हॉट्सॲपवर दहा व्हॉइस नोट पाठवा, प्रत्येकीत फक्त शिप किंवा शीप. क्रम मनाला येईल तसा. समोरच्याने ओळखून लिहायचं, जहाज की मेंढी. दहापैकी आठ बरोबर आले की पुढची जोडी. मग उलट, तुम्ही ओळखा.

२. डिक्शनरी ॲपमध्ये एका शब्दाचे ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही आवाज असतात. दोन्ही ऐका. एकाच आवाजाला चिकटू नका.

३. व्हॉइस टायपिंग चालू करा आणि एकटा शब्द बोला. पूर्ण वाक्य बोललात तर फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि तुमची चूक झाकतो. एकट्या शब्दात ती झाकता येत नाही. पण फोनलाही देव मानू नका, तोही चुकतो.

४. एक वही करा, स्पेलिंगप्रमाणे नाही, आवाजाप्रमाणे. एका पानावर बर्डचे भाऊबंद, दुसऱ्यावर शिपचे, तिसऱ्यावर लिहायच्या पेनचे. नवा शब्द आला की विचारायचं, हा कोणत्या पानावर?

एका आठवड्याला एकच जोडी. पाच आठवडे झाले की ही यादी संपली.

आणि पुढच्या वेळी कॉलवर कुणी ‘सॉरी?’ म्हटलं, तर आवाज बारीक करू नका. तोच शब्द परत म्हणा, जरा हळू, आणि स्वर सांभाळून. किंवा दुसऱ्या शब्दात सांगा. समोरच्याने पुन्हा विचारलं, याचा अर्थ त्याला तुमचं ऐकायचंय.

पुढच्या भागात व्यंजनांकडे वळू : ‘व’ आणि ‘व्ह’, आणि व्हॅन-वॅनचा घोळ. तोवर तुमची अडलेली जोडी व्हॉइस नोटमध्ये पाठवा. आणि हा भाग त्या मित्राला नक्की ऐकवा, ज्याला सगळं इंग्रजी येतं पण जो कॉलवर म्यूटच असतो. भेटू!